खरिपातल्या बटाट्यात मेट्रिब्युझिन : दोन हंगामांचा अनुभव

सातगाव पठारावर आमचा दोन एकर बटाटा खरिपात पावसाच्या भरवशावर असतो. लागवडीनंतर झड लागली की पंधरा-पंधरा दिवस वाफसा (रानात काम करता येईल इतपतच ओल) येत नाही आणि तेवढ्यात माठ, घोळ व केना ही तणे सऱ्या भरून टाकतात. पहिले चार ते सहा आठवडे तणाने गाठले, तर पुढे कितीही खुरपले तरी बटाटा पोसत नाही. आणि नेमक्या त्याच दिवसांत साऱ्या गावाची खुरपणी चालू असल्याने मजूर मिळत नाहीत. म्हणून गेले दोन खरीप मी मेट्रिब्युझिन 70 टक्के ही तणनाशक भुकटी वापरली.

पहिल्या वर्षी चूक मापात झाली. दुकानदाराने सांगितले तसे टोपणाने मोजून औषध पंपात टाकले, आणि ज्या सऱ्यांवर फवारा दोनदा पडला, तेथील पाने कडेने पिवळी पडून करपली. ती झाडे काढणीपर्यंत खुजीच राहिली. बटाट्यासाठी मात्रा हेक्टरी 750 ग्रॅम, म्हणजे एकरी 300 ग्रॅम आहे. दुसऱ्या वर्षी मी घरीच काट्यावर 15 ग्रॅमच्या पुड्या बांधल्या आणि 15 लिटरच्या पंपाला एक पुडी, असे एकरी वीस पंप फवारले. लागवडीनंतर तिसऱ्या दिवशी, जमीन ओली असताना, पट्टा पद्धतीच्या नोझलने आणि फवारलेल्या जागेवर पाय पडू नये म्हणून मागे मागे सरकत फवारणी केली. कोरड्या मातीवर हे औषध वाया जाते, कारण ते मुख्यतः तणाच्या मुळांवाटे शोषले जाते.

या वेळी महिनाभर माठ आणि घोळ जवळजवळ दिसलेच नाहीत, केना निम्मा दबला, आणि दोन खुरपण्यांऐवजी भर लावताना (झाडांच्या बुडाला माती चढवताना) एकाच खुरपणीत भागले. लव्हाळा या जमिनीत गाठी धरणाऱ्या तणावर मात्र या औषधाचा काहीही परिणाम होत नाही, हे घेणाऱ्याने आधीच समजून घ्यावे. उलट बाकीचे तण हटल्याने त्याला मोकळे रान मिळाले. काढणीच्या वेळी मी एक चांगला पोसलेला बटाटा हातात घेतला, तर लव्हाळ्याची सुईसारखी टोकदार मुळी त्यातून आरपार गेलेली होती. असा माल व्यापारी बाजूला काढतो.

आणखी एक गोष्ट कांदा करणाऱ्यांसाठी सांगतो. औषधाचा अंश जमिनीत काही महिने टिकतो आणि कांदा त्याला फार नाजूक असतो, म्हणून बटाट्यामागून त्या रानात कांदा न लावता मी मका घेतला.

मेट्रिब्युझिन मी येत्या खरिपातही वापरणार आहे, पण लव्हाळ्यासाठी यंदा एप्रिलमध्येच खोल नांगरट केली आणि नांगरामागे फिरून लव्हाळ्याच्या दोन पाट्या गाठी वेचून बांधाबाहेर वाळत टाकल्या.