केबिनचं किट: लाकडाचं की प्लास्टिकचं?

एचओ हे मॉडेल रेल्वेचं एक प्रमाण, म्हणजे १:८७: खऱ्या वस्तूच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. सहा फुटी माणूस इथे जेमतेम २१ मिलिमीटरचा आणि त्याच्या केबिनची खिडकी नखाएवढी. प्लास्टिकचं किट सोपं. फ्रेममधून भाग कापायचे, कडा घासायच्या, सॉल्व्हंट लावलं की सांधा वितळून एकजीव होतो. एका रविवारी घर उभं! पण रंग न देता ठेवलंत तर खेळणंच वाटतं.

लेझरने कापलेलं लाकडी किट वेळ खातं. बासवुड या हलक्या, मऊ लाकडाच्या पातळ भिंतीला एकाच बाजूने पाण्यातला रंग लावला की ती पापडासारखी वळते. माझी पहिली भिंत ऐन श्रावणात अशीच गेली. आता आधी दोन्ही बाजूंना सीलर, म्हणजे लाकडात ओल शिरू न देणारा थर, मारतो आणि कोपऱ्यात आतून चौकोनी काडी चिकटवतो. पण काळ्या शाईचे दोन थेंब स्पिरिटमध्ये घालून ब्रश फिरवला, की फळ्या उन्हापावसात राखाडी पडल्यासारख्या दिसतात. ती मजा प्लास्टिकवर रंगाचे चार थर देऊनही येत नाही. छपराच्या पट्ट्या ओळीओळीने लावताना मान मात्र धरते.

पहिलंच किट असेल तर प्लास्टिक घ्या. केबिन लेआउटच्या, म्हणजे रूळ-घरं मांडलेल्या पूर्ण मॉडेलच्या, मागच्या टोकाला ठेवायची असेल तरी तेच. रुळालगत, डोळ्यांसमोर येणाऱ्या केबिनला मी लाकूडच वापरतो.