घराची ऑनलाइन किंमत दाखवणारं टूल: नाशिकमध्ये बरेच महिने वापरल्यानंतरचा अनुभव

एका मोठ्या प्रॉपर्टी साइटचं हे टूल मागच्या दिवाळीच्या आधीपासून वापरतोय, सोसायटीचं नाव, एरिया, मजला टाकला की अंदाजे किंमत येते. इंदिरानगरचा आमचा जुना टू बीएचके विकायचा होता म्हणून सुरू केलं. आता खरेदीखत झालंय, त्यामुळे टूलचा आकडा आणि हातात आलेला भाव दोन्ही समोर ठेवून बोलतोय. नवीन मोठ्या स्कीममधला फ्लॅट असेल तर आकडा बऱ्यापैकी जवळ येतो. जुनी बिल्डिंग, रो हाऊस, सिडकोचं घर असेल तर त्यावर भाव अजिबात ठरवू नका.

आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, बिल्डिंग 2002 ची. टूलमध्ये नुसतं "एरिया" असं लिहिलेलं, कार्पेट (बाहेरच्या भिंतींच्या आतली वापरायची जागा) की बिल्टअप (भिंती धरून) की सेलेबल (जिना, लॉबीचा वाटाही धरून) काहीच विचारत नाही. सेलेबल 840 स्क्वेअर फूट टाकलं तर 52 लाख, कार्पेट 640 टाकलं तर 40 च्या आत. घर तेच, भिंती त्याच, आणि फरक बारा लाखांचा! रेरा हा बिल्डरांसाठीचा कायदा आल्यापासून, म्हणजे 2017 पासून बिल्डरला नवीन प्रोजेक्टमध्ये कार्पेट सांगावाच लागतो, पण रिसेलमध्ये आपल्याकडे एजंट अजून सेलेबलवरच रेट बोलतात, मग टूलने निदान कोणता एरिया हवाय ते तरी विचारायला हवं ना. शेवटी सौदा झाला साडेचव्वेचाळीसला. दोन्ही आकड्यांपासून लांब.

हे असं का होतं ते हळूहळू कळलं. साइटवर खाली बारीक अक्षरात लिहिलंय की अंदाज आसपासच्या लिस्टिंगवरून काढलाय. लिस्टिंग म्हणजे मालकाने सांगितलेला भाव, तो काही झालेला सौदा नाही, आणि एकच फ्लॅट तीन एजंटांनी तीन भावांना टाकलेला मी स्वतः पाहिलाय. त्यात सिंहस्थ 2027 ची कामं सुरू झाल्यापासून सांगायचे भाव चढलेत, तर टूलमध्ये आमचा फ्लॅटही दर थोड्या दिवसांनी महाग होत होता, बघायला येणारे मात्र जुन्याच आकड्यावर अडून. शिवाय लिफ्ट, पार्किंग, पाण्याचा टँकर लागतो का, यातलं टूल काहीच विचारत नाही. गंगापूर रोडला नदीच्या अंगाला घर असेल तर पूररेषेच्या आत की बाहेर यावर सगळं ठरतं, कारण निळ्या पूररेषेच्या आत नवीन बांधकामाला परवानगी नसते, आणि सिडकोचं घर भाडेपट्ट्याच्या जमिनीवरचं असेल तर त्याच्या ट्रान्सफरचा खर्च वेगळा, तरी ते शेजारच्या फ्रीहोल्ड (मालकीच्या जमिनीवरच्या) फ्लॅटच्याच रेटने मोजलेलं दिसतं.

अमेरिकेत झिलो या प्रॉपर्टी साइटचं असंच टूल, झेस्टिमेट, 2006 पासून आहे, तिथे बहुतेक राज्यांत झालेल्या सौद्यांचे आकडे उघडे मिळतात, तरी विक्रीला नसलेल्या घरांच्या बाबतीत त्यांची स्वतःची सांगितलेली मध्यक चूक (निम्म्या घरांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) सात टक्क्यांच्या आसपास आहे. विक्रीला लावलेल्या घरांची दोन टक्क्यांच्या आसपास, कारण मालकाने लावलेला भाव त्यात धरलेला असतो. त्यांच्या तेव्हाच्या सीईओचं सिॲटलचं घर 2016 मध्ये साडेदहा लाख डॉलरला गेलं आणि झेस्टिमेट साडेसतरा लाख दाखवत होतं. मग जिथे आमच्या सोसायटीत दोन-तीन वर्षांत एखादा फ्लॅट विकला जातो तिथे कॉम्प्युटर तुलना तरी कशाशी करणार?

मला खरा उपयोग झाला तो इंडेक्स टू चा, म्हणजे नोंदणी झालेल्या सौद्याच्या सरकारी गोषवाऱ्याचा. नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये फुकट बघता येतं. फक्त तिथे "इंदिरानगर" टाकून काही मिळत नाही, जुन्या मौज्याचं नाव आणि सर्व्हे नंबर लागतो, तो आपल्या करारनाम्यात असतो. दस्त उघडला की मोबदला आणि बाजारभाव अशा दोन ओळी वेगवेगळ्या दिसतात. मोबदला म्हणजे कागदावर ठरलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचा, सरकारने ठरवलेल्या दराचा हिशोब, यात गल्लत करू नका. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असतं, 10.764 ने गुणलं की स्क्वेअर फूट. आमच्याच गल्लीतले जुने-नवे दस्त काढून बसलो तेव्हा 44-45 चा अंदाज तिथेच आला होता. रेकनरही बघून ठेवा, भाव ठरवायला नाही तर टॅक्ससाठी, कारण रेकनरची किंमत मोबदल्याच्या 110 टक्क्यांच्या वर गेली तर विकणाऱ्याचा कॅपिटल गेन (विक्रीवरचा नफा) रेकनरवरून धरतात.

आणि बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जाआधी घराची किंमत काढणारा. आमच्या घेणाऱ्याच्या बँकेने 43 लाख लावले. 30 ते 75 लाखांच्या होमलोनला घराच्या किमतीच्या 80 टक्क्यांची मर्यादा, म्हणजे जास्तीत जास्त 34 लाख 40 हजार. टूलचे 52 धरून बसलो असतो तर वरचे 17 लाख 60 हजार त्याने खिशातून कुठून आणायचे? नोकरदार माणूस, अंबडला कंपनीत.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकूंचं सांगायलाच हवं. एकट्या राहतात, गुडघे दुखतात, तिसरा मजला, मुलीकडे पुण्याला जायचंय. 43 चं गिऱ्हाईक आलं होतं, पण भाच्याने मोबाइलवर 51 दाखवले म्हणून परत पाठवलं, त्यानंतर कोणी 41 च्या वर बोललेलं नाही. मला याचा मनापासून राग येतो. आकड्याच्या शेजारी "ही सांगितलेल्या भावांची सरासरी आहे" एवढं मोठ्या अक्षरात लिहायला साइटवाल्यांना काय जड जातं? काकूंना मी दस्त काढून दिलेत, आता त्या 42 ला तयार आहेत.

भाड्याचा अंदाज मात्र याच टूलमध्ये चांगला येतो. नवीन घर ताब्यात येईपर्यंत आम्ही गोविंदनगरला भाड्याने राहतोय, टूलने 15 ते 17 हजार दाखवलं होतं आणि 16 ला ठरलं. भाड्यात सांगितलेला आणि ठरलेला भाव यात पाचशे-हजाराचाच फरक असतो, आणि घरं सतत बदलत असल्याने लिस्टिंगही ताजी असते. त्यासाठी अजून वापरतो.