काकूंचं पाळणाघर, कर्वेनगर, पुणे : सव्वा वर्षाचा अनुभव (लांबलचक आहे, चहा घेऊन बसा)

चार स्टार दिलेत. पाचवा का कापला ते शेवटी येईलच. इथले बाकीचे रिव्ह्यू वाचले तर सगळे "खूप छान, काकू प्रेमळ आहेत, मुलं खूश" असेच आहेत आणि ते खोटं नाहीये, पण मी जेव्हा पाळणाघर शोधत होते तेव्हा मला त्याचा काडीचा उपयोग झाला नव्हता, कारण मला एकच गोष्ट हवी होती, मूल सारखं आजारी पडतंय त्याचं हे लोक काय करतात. त्यामुळे तेवढंच लिहिते.

मुलगा आता पावणेतीन वर्षांचा आहे. १४ महिन्यांचा असताना सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि घरी सांभाळायला कोणी नाही म्हणून घाईघाईत एका ठिकाणी घातला. त्या जागेचं नाव लिहित नाही, वाद नकोत. दिसायला एकदम पॉश. एसी हॉल, खाली रबरी फ्लोअरिंग, मोबाईलवर कॅमेरा बघायचं ॲप, दारात सॅनिटायझरचा स्टँड, त्याच्याखाली पाय दाबायचं पेडल. मी जाऊन काय विचारलं? कॅमेरे किती, मॅडम किती, ॲक्टिव्हिटी काय घेता. डायपर कुठे बदलता आणि बदलल्यावर हात कुठे धुता हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. आता हसू येतं.

पहिल्या चार महिन्यांत पोराला सहा वेळा सर्दी, एकदा कान फुटला त्यासाठी अँटिबायोटिक, एकदा जुलाब. मी रडकुंडीला आले होते. सासूबाई रोज फोनवर, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं, घरात राहायची पोरं." डॉक्टरांकडे गेले आणि सरळ विचारलं की ह्याची इम्युनिटी कमी आहे का, काही टॉनिक द्या. ते म्हणाले टॉनिक वगैरे काही नाही, ह्या वयात वर्षाला सहा-आठ सर्द्या नॉर्मल आहेत, पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त होतात आणि पहिलं वर्ष सगळ्यात वाईट. सर्दीचा नुसता रायनोव्हायरस धरला तरी त्याचे दीडशेच्या वर प्रकार आहेत, प्रत्येक प्रकार ह्याला नवा. बारा मुलं एकच ठोकळा तोंडात घालतात, होणारच की. "वजन वाढतंय ना, दोन आजारपणांच्या मध्ये खेळतोय ना, मग घाबरू नका." तेव्हा पटलं.

पण त्या जागेवरून मन उडालं ते जुलैमध्ये. पोराच्या तळहातावर आणि तोंडात पुरळ. तिथल्या मॅडम म्हणे घामोळं असेल. जुलैमध्ये, धो धो पावसात, एसी हॉलमध्ये घामोळं! डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, हँड फूट माऊथ, म्हणजे लहान मुलांमध्ये पसरणारा विषाणूचा आजार. चार दिवस पोरगं पाणीसुद्धा गिळेना, थंड ताक चमच्याने पाजलं. आणि मग गेटवर दुसऱ्या एका आईकडून कळलं की आधीच्या आठवड्यातच दोन मुलांना झालं होतं, पण बाहेर सांगायचं नाही असं ठरलेलं. ॲडमिशन्स चालू होत्या ना. (२०२२ मध्ये केरळात टोमॅटो फ्लू म्हणून जो गाजावाजा झाला होता तो नंतर ह्याच आजाराचा प्रकार निघाला, तेव्हा सगळे घाबरले होते, आणि आपल्या गल्लीत आला की घामोळं.)

तर मग काकू. एका मैत्रिणीने नंबर दिला. जुन्या बिल्डिंगमध्ये पहिला मजला, दोन फ्लॅट जोडून केलेलं, बाहेर साधी पाटी. बघून माझा नवरा म्हणाला, "हे?" काकूंनी आमची मुलाखत घेतली, आम्ही त्यांची नाही. आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं. बोट ठेवून वाचत गेल्या आणि थांबल्या, "गोवराचा दुसरा डोस कुठाय?" तो सर्दीतापात पुढे पुढे ढकलत राहिला होता. "नुसत्या सर्दीसाठी लस ढकलायची नसते गं. घेऊन ये, मग आपण ॲडमिशनचं बोलू." म्हणजे पैसे द्यायला आलेल्या माणसाला परत पाठवलं. नवऱ्याचं मत तिथेच बदललं.

नंतर कळलं की काकू लग्नानंतर बरीच वर्षं गावाकडे अंगणवाडी सेविका होत्या. त्याचा परिणाम सगळीकडे दिसतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी प्रत्येक मुलाचं वजन करतात आणि वहीतल्या वजनाच्या तक्त्यावर टिपका देतात. आपण अंगणवाडी म्हटलं की नाक मुरडतो, पण ती योजना १९७५ सालची आणि त्यात पहिल्यापासून शिकवण्याच्या जोडीला खाऊ, वजन, लस, तपासणी हे एकत्रच धरलेलं आहे. आमच्या कामवाल्या ताईंची मुलगी अंगणवाडीत जाते, तिचं वजन दर महिन्याला होतं. त्या पॉश ठिकाणी चार महिन्यांत एकदाही कोणी केलं नाही, ग्रॅज्युएशनचा गाऊन मात्र आधीच मापाने शिवायला टाकला होता. दीड वर्षाच्या पोराचं ग्रॅज्युएशन!

बेसिनबद्दल लिहायलाच हवं. मुलांच्या उंचीचं बेसिन आहे, तीन नळ, आणि प्रत्येकाचा वेगळा नॅपकीन, वर शिवलेलं चित्र. आमच्याचा पेरू. आल्यावर हात, खाण्याआधी हात, शू-शीनंतर हात, गच्चीतल्या मातीत खेळल्यावर हात. साबणाने. मी पहिल्या दिवशी विचारलं सॅनिटायझर नाही का, तर म्हणाल्या, "आहे की कपाटात. मातीच्या हाताला ते काय करणार?" घरी येऊन वाचलं तर खरंच, जुलाबाचा नोरोव्हायरस किंवा हँड फूट माऊथचा विषाणू अल्कोहोलला फारसे दाद देत नाहीत, साबण आणि वाहतं पाणीच लागतं. डायपर मागच्या बाल्कनीत बदलतात, तिथे वेगळा नळ, आणि जी मावशी डायपर बदलते ती त्या दिवशी स्वयंपाकघरात जात नाही. हा नियम भिंतीवर लिहिलेला नाही पण मी दोनदा न सांगता मध्येच टपकले तेव्हाही तसंच होतं.

आता ताप. नियम असा की औषध न देता २४ तास ताप नसेल तरच मूल आणायचं. साधं नाक वाहत असेल, ताप नसेल, खेळत असेल, तर चालतं. काकूंचं म्हणणं, शेंबडाला घरी ठेवलं तर पावसाळ्यात इथे मी आणि मावश्याच राहू, आणि तसंही नाक वाहायच्या आधीपासूनच तो पसरवत असतो. जुलाब डायपरबाहेर येत असतील तर नाही, कांजिण्या असतील तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत नाही.

ह्यात माझा स्वतःचा एक किस्सा आहे आणि तो सांगायला लाज वाटते तरी सांगते. ह्या जूनमध्ये ऑफिसात रिलीज होती, रात्री पोराला ताप आला, सकाळी साडेसातला पॅरासिटामॉल पाजलं आणि साडेआठला हसतमुख पोरगं सोडून आले. खोटं बोलले नाही, फक्त काही बोलले नाही. साडेबाराला फोन. मला वाटलं विचारतील औषध दिलं होतंस का. नाही. "किती वाजता दिलंस गं?" एवढंच. म्हणजे त्यांना हे रोजचंच आहे, साडेसातचा डोस दुपारी उतरतो आणि बाराच्या सुमाराला पोरं तापायला लागतात, घड्याळ लावून. मी पोचले तेव्हा तो वेगळ्या खोलीत काकूंच्या मांडीवर होता, अंगावरचे जाड कपडे काढलेले, पाणी पाजलेलं. ओरडल्या नाहीत. पण त्या आठवड्यात आणखी पाच मुलं तापली आणि त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवणार होते, ग्रुपवर गप्प बसले.

ऑगस्टमध्ये इथेही हँड फूट माऊथ आलाच. येणार नाही असं कुठलंच पाळणाघर नाही, जे म्हणतं आमच्याकडे मुलं आजारीच पडत नाहीत तिथून उलट्या पावली परत या. फरक हा की सकाळी अकराला ग्रुपवर मेसेज, एका मुलाला झालाय, मुलाचं नाव नाही, काय बघायचं ते लिहिलेलं, तळहात तळपाय तोंड ढुंगण. एका बाबांनी लगेच "कोणाला झालाय ते आम्हाला कळायला हवं" सुरू केलं, काकूंनी उत्तर दिलं, "तुमच्याला झाला की मी हेच करीन." विषय संपला. सगळे मऊ टेडी पिशवीत भरून माळ्यावर, प्लॅस्टिकची खेळणी पाणी घातलेल्या ब्लीचने धुऊन उन्हात (ऊन निघालं तेव्हा). अठरा मुलांपैकी चौघांना झाला. आमचा ह्या वेळी वाचला. बरं झालेल्या मुलांच्या शीतून हा विषाणू नंतरही कित्येक आठवडे जातो, म्हणून डायपरवाल्या मावशीचं हात धुणं पुढचा महिनाभर काकू स्वतः उभ्या राहून बघत होत्या.

जेवण इथलंच. नाचणीचं सत्त्व, मुगाची खिचडी, उपमा, केळं, आठवड्यातून दोनदा अंडं ज्यांना चालतं त्यांना. अख्खे शेंगदाणे, फुटाणे नाहीत, द्राक्षं उभी चिरून, कारण घशात अडकतात. वाढदिवसाचा केक बंद, त्याऐवजी फळं आणा. यावरून काही आया नाराज आहेत, मी पण होते थोडी. डिसेंबरात जुलाब झाले तेव्हा ओआरएस आणि १४ दिवस झिंक डॉक्टरांनी दिलं, पण बरं होऊन पोरगं परत जायला लागल्यावर काकूंनी न विचारता दोन आठवडे चार वाजता एक जास्तीचं खाणं चालू केलं. वहीत टिपका खाली गेला होता, जानेवारीत परत रेषेवर आला. मला तर वजन घटलंय हे दिसलंच नव्हतं, रोज बघणाऱ्याला दिसत नाही.

नवऱ्याला अभ्यास करायची हौस. त्याने शोधून काढलं की अमेरिकेत ॲरिझोनातल्या टुसान शहरात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जन्मलेल्या हजारभर मुलांवर कित्येक वर्षं लक्ष ठेवलं होतं. मोठ्या पाळणाघरात जाणाऱ्यांना दोन वर्षांचे असताना सर्दी जास्त, पण ६ ते ११ वयात घरी वाढलेल्यांपेक्षा कमी, आणि १३ पर्यंत फरक संपलेला. म्हणजे सर्दीचं कर्ज आत्ताच फेडून टाकायचं, नाहीतर पहिलीत गेल्यावर फेडा. हे ऐकून सासूबाईंना जरा बरं वाटलं. त्याच मुलांमध्ये पुढे दमा कमी असंही आलं होतं, पण मग नेदरलँड्समध्ये बघितलं तर आठव्या वर्षी दम्यापासून काहीच संरक्षण दिसलं नाही. त्यामुळे "पाळणाघरात घाला, इम्युनिटी वाढते" असं जे छातीठोकपणे सांगतात त्यांच्याकडे मी दुर्लक्ष करते. मी त्याला इथे घालते कारण मला नोकरी आहे.

नोकरीवरून आठवलं, ५० किंवा जास्त माणसं असतील तर कंपनीने पाळणाघराची सोय करायची असा नियम २०१७ पासून कायद्यात आहे, आईला दिवसातून चार वेळा भेटायला जायची मुभासुद्धा आहे त्यात. आमच्या कंपनीचा टाय-अप आहे, हिंजवडीत. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये दोन वर्षांच्या पोराला दीड तास गाडीत बसवून. असो.

आता तक्रारी. टीव्ही अजिबात नाही ही चांगली गोष्ट पण दुपारी साडेबारा ते अडीच झोपवतात, आमचा तीनलाही उठत नाही आणि मग रात्री अकरापर्यंत घरात घोड्यासारखा. दोनदा सांगून झालं, "झोपलेल्या पोराला मी उठवत नसते" हे उत्तर. फोटो येत नाहीत, आठवड्यातून एखादा, तोही हललेला. अठरा मुलांना काकू धरून चौघी, त्यात एक मावशी सुट्टीवर गेली की ओढाताण दिसते, त्या दिवशी पोरगं न्यायला गेलं की ओला डायपर हमखास. साडेसहानंतर दर पंधरा मिनिटांना १०० रुपये. शनिवारी अर्धा दिवस.

आणि मोठी तक्रार फीची. महिना ८५००, आजारपणात आठ दिवस घरी ठेवलं तरी एक रुपया कमी नाही. २४ तासांचा नियम मला शंभर टक्के मान्य आहे, पण सुट्टी कोणाची जाते? मागच्या वर्षी माझ्या अकरा रजा गेल्या, नवऱ्याच्या दोन, त्यावरून घरात जे झालं ते इथे लिहित नाही. रजा पण आमची आणि फी पण पूर्ण, मग माणूस सकाळी औषध पाजून सोडणारच ना. मी काकूंना हे तोंडावर सांगितलंय, जूनच्या किश्शानंतर, आधी माझी चूक कबूल करून. ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत.

जिना. फार उभा, कठडा एकाच बाजूला, पावसात पायऱ्या ओल्या, खाली पार्किंग शून्य. एका कडेवर पोर, दुसऱ्या हातात छत्री, खांद्याला लॅपटॉप. पाचवा स्टार ह्या जिन्यावर घसरला असं समजा.

ॲडमिशन हवी असेल तर लसीचं कार्ड घेऊन जा, आणि एकचा मुहूर्त टाळा, तेव्हा मुलं झोपलेली असतात, बेल वाजवली तर काकू दारातूनच परत पाठवतात.

अपडेट : काल ग्रुपवर मेसेज आलाय, डिसेंबरपासून डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली तर महिन्यातले पाच दिवस फीतून वजा. थँक्यू काकू. स्टार मात्र चारच ठेवतेय, जिना आहे तसाच आहे.