पैठण ते नांदेड बोटीनं? पैसे भरायच्या आधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत आमचे तीस हजार रुपये गंगेत गेले. गंगेत म्हणजे गोदावरीत. आमच्या गंगाखेडला तिला गोदावरी फक्त शाळेच्या पुस्तकात म्हणतात.

व्हॉट्सॲपवर जाहिरात आली होती. पैठण ते नांदेड, चार दिवस, तीन मुक्काम, सहकुटुंब जलयात्रा. वाटेत आपेगाव, राक्षसभुवन, गंगाखेड आणि शेवटी नांदेडचा गुरुद्वारा. माणशी साडेसहा हजार, जेवणखाण धरून. आई चौऱ्याहत्तरची. ती लगेच म्हणाली, "नाथांच्या पाया पडून निघायचं अन् जनाबाईच्या दारात उतरायचं, तेबी गंगेतून? मला न्या रे बाबा." आईनं एकदा धरलं की घरात कोण काय बोलणार! बायकोनं मात्र तेवढ्यात फोटो बोटांनी मोठा करून बघितला. "अहो, ह्या काठाला नारळ दिसायलेत. आपल्याकडं वेड्या बाभळी असतात." मी म्हणालो, नमुन्याला टाकला असेल.

फोनवरचा माणूस निम्मं खरं बोलायचा, आणि तिथंच मी फसलो. बंधाऱ्यांचं विचारलं तर त्यानं केंद्र सरकारच्या जलमार्गांची यादी पाठवली. २०१६ च्या कायद्यानं देशात १११ राष्ट्रीय जलमार्ग झाले आणि त्यातल्या चौथ्या क्रमांकात भद्राचलमपासून वर नाशिकपर्यंतची गोदावरी खरोखरच आहे. आहे ती कागदावर. मग म्हणाला, "सुप्रीम कोर्टाचा आदेश आहे साहेब, दरवाजे उघडेच ठेवावे लागतात." आदेशही खरा, २०१३ चा. पण तो बाभळी बंधाऱ्याचा, १ जुलै ते २८ ऑक्टोबर एवढ्यापुरता. बाभळी धर्माबाद तालुक्यात, नांदेडच्याही खाली. आम्ही निघणार नोव्हेंबरात आणि उतरणार नांदेडला.

नकाशा तरी कशाला पाहिजे होता? मुळीचा बंधारा मी महिन्यातून दोनदा बघतो. पैठणहून खाली यायचं तर आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, ढालेगाव, मुदगल, मुळी, दिग्रस आणि नांदेडच्या तोंडाशी विष्णुपुरी. हे नुसते मला तोंडपाठ असलेले. पावसाळ्यात दारं उघडतात तेव्हा नदीला पूर असतो, पावसाळा सरला की दारं टाकून पाणी अडवतात. बंगालात फरक्क्याला नाव पार करायला लॉक आहे. दोन दारांमधल्या हौदात नाव घेतात, हौदातलं पाणी कमी-जास्त करून पुढच्या पातळीला आणतात आणि सोडून देतात. आपल्याकडचे बंधारे बांधलेत उसासाठी. त्यांच्यातून बोट जायची सोय कुणाच्या डोक्यातच नव्हती.

तर सात जणांचे ४५,५०० झाले, तीस हजार आगाऊ. क्यूआर स्कॅन केला तर नाव कुठल्यातरी कृषी सेवा केंद्राचं आलं. विचारलं, तर "भावाचं दुकान आहे, काळजी नका करू." भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या मी मुकाट्यानं पिन टाकला.

सकाळी पैठणच्या घाटावर बोट होती, हे त्यातल्या त्यात. मासेमारीची फायबरची बोट, मागं डिझेलचं इंजिन, बसायला प्लॅस्टिकच्या खुर्च्या. सात माणसांत लाइफ जॅकेट चार, त्यातल्या दोघांचे पट्टे तुटलेले. एकाला सुतळी बांधली होती. तिथंच परत फिरायला पाहिजे होतं. याच गोदावरीत खाली आंध्रात, पापीकोंडलच्या वाटेवर, १५ सप्टेंबर २०१९ ला पर्यटकांची बोट बुडून कितीतरी माणसं गेली. मला ते आठवलंही. पण आई पुढं जाऊन बसली होती, पदर खोचून, हात पाण्यात घालून. तिला उठवायची हिंमत झाली नाही.

आपेगावच्या अलीकडं बोट चालवणाऱ्या पोरानं इंजिन बंद केलं. समोर बंधारा. "पुढं भिंत हाय काका. मला हितवरचंच सांगितलंय." त्याला दिवसाचे पंधराशे मिळणार होते, तेही अर्धे बाकी. 'बंधाऱ्यापाशी टेम्पो येईल, पलीकडं दुसरी बोट आहे' असा साहेबांचा निरोप होता. टेम्पो आला नाही. फोन बंद. दीड तास उन्हात बसून शेवटी ऑटो करून पैठणला वापस आलो.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण तोवर खात्यात पैसे उरले नव्हते. ठाण्यात म्हणाले, "पैसे तुम्हीच पाठवले, बोटीतबी बसलात. ही फसवणूक कशी?" अर्धा तास बोट फिरवण्यामागं हीच मेख होती, हे मला तेव्हा कळलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर विचारून जिल्हा ग्राहक आयोगात ऑनलाइन तक्रार टाकली. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. प्रकरण चालू आहे.

कुणी अशा सहलीला बोलावलं तर बोटीचं नोंदणी आणि तपासणी प्रमाणपत्र मागा; अंतर्देशीय जलयान कायदा २०२१ प्रमाणे इंजिनाच्या बोटीला ते लागतं. आणि रोज कुठल्या बंधाऱ्यापासून कुठल्या बंधाऱ्यापर्यंत, हे लिहून घ्या.

मागच्या आठवड्यात मेहुण्याला जाहिरात आली. नंबर नवा, नारळ तेच. नाशिक ते पैठण, माणशी सात हजार. मी त्याला लिहायला लावलं, "नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून बोट कशी नेणार?" दोन निळ्या टिका आल्या आणि लगेच मेहुणा ब्लॉक झाला.