बॉक टॉवर गार्डन्स, फ्लोरिडा: पुदिन्याच्या एका दुर्मीळ भावंडाच्या भेटीस

मध्य फ्लोरिडातील लेक वेल्स गावाजवळच्या या उद्यानात बहुतेक लोक १९२९ साली खुला झालेला घंटामनोरा पाहायला येतात. आम्ही मात्र सप्टेंबरमध्ये गेलो ते तुळस-पुदिन्याच्या कुळातील डायसेरँड्रा या झुडपासाठी. त्यातील डायसेरँड्रा फ्रुटेसेन्स ही जाती जगात केवळ याच राज्याच्या हायलँड्स काउंटीतील कोरड्या, वाळूच्या उंचवट्यांवर रानात उगवते, आणि संत्र्यांच्या बागांनी व वसाहतींनी ती जमीन व्यापल्यामुळे १९८५ पासून तिला संकटग्रस्त म्हणून कायद्याचे संरक्षण आहे.

झुडूप जेमतेम गुडघ्याएवढे असते. पांढरट पाकळ्यांवरचे जांभळट ठिपके वाकून पाहिल्यावरच दिसतात, आणि तेवढ्या जवळ गेले की पुदिन्याचा झणझणीत वास येतो. पानांतील हे तेल मुंग्यांना दूर ठेवते, असे कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखवून दिले होते. घरच्या पुदिन्याकडे मी त्यानंतर निराळ्याच आदराने पाहू लागले.

दुर्मीळ वनस्पतींच्या संवर्धनाचे येथील काम मला मनोऱ्याहून मोलाचे वाटले. पूर्वी एका ऑनलाइन विक्रेत्याने डायसेरँड्रा या नावाखाली मला साधा पुदिना पाठवला होता, म्हणून खरे झाड पाहण्याचा आनंद अधिकच झाला.

पाइन रिज पायवाटेवर सावली विरळ आहे. टोपी व पाणी घेऊन सकाळीच जावे.