साठीनंतर वजन उतरवताना: दोनदाच जेवायचं, थोडं थोडं खायचं की ताट बदलायचं?

गेल्या दोन वर्षांत आमच्या घरात तिघांनी तीन वाटांनी वजन उतरवायचा प्रयत्न केला. ह्यांनी (वय ६८) दिवसातून दोनदाच जेवायचं ठरवलं. वन्सं (वय ७०) दर दोन-अडीच तासांनी थोडं थोडं खायला लागल्या. मी (वय ६३) जेवणाच्या वेळा फारशा हलवल्या नाहीत, ताटातलं बदललं. शाळेत तीस वर्षं गणित शिकवल्यामुळे मला सगळं वहीत लिहून ठेवायची सवय आहे. सांगलीत आमच्या ओळखीतले साठी ओलांडलेले बरेच जण सध्या याच तिठ्यावर उभे आहेत, म्हणून ती वही उघडते आहे.

पण आधी एक बघा. मुळात वजन उतरवायची गरज आहे का? भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि बायकांना ८० सेंटिमीटर धरतात. घेर त्याहून जास्त असेल, गुडघे बोलत असतील, साखर किंवा रक्तदाब चढा असेल तर विचार जरूर करा. उलट काहीही न करता सहा महिन्यांत वजन शेकडा पाचने उतरलं असेल, म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ३ किलो, तर त्यात आनंद मानू नका, डॉक्टरांकडे जा. आणि पंच्याहत्तरीच्या पुढे, हातापायांच्या काड्या झालेल्या माणसाला नुसतं पोट सुटलंय म्हणून कमी खायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता दोनदा जेवण्याबद्दल. महाराष्ट्रात ही पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षितांमुळे घरोघरी पोचली. तिचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीत आहे, हे दीक्षित स्वतःच सांगतात. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा चहा एवढंच, आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दर वेळी खाल्लं की इन्सुलिन (रक्तातली साखर पेशींत पोचवणारं आणि चरबी साठवायला लावणारं संप्रेरक) वाढतं, म्हणून वेळा कमी करायच्या, हा त्यामागचा विचार. याच्या अगदी उलट टोकाला आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर: आपल्या भागातलं, त्या हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका, पण थोडं थोडं दर दोनेक तासांनी खा. २०१८-१९च्या सुमारास लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक यावरून भांडायचे, ते आठवत असेल.

या दोन टोकांची थेट तुलना प्रागमध्ये झाली होती, निकाल २०१४ साली आला. टाइप २ मधुमेहाचे ५४ रुग्ण घेतले. १२ आठवडे दिवसाला सहा छोटी खाणी आणि १२ आठवडे दोनच मोठी जेवणं, उष्मांक दोन्हीकडे सारखे. दोन जेवणांत वजन सरासरी ३.७ किलोंनी उतरलं, सहांत २.३ किलोंनी. म्हणजे दोनदा जेवणारे जिंकले? थांबा. त्यांची दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण. रात्रीचं जेवण नव्हतंच. आपल्याकडे दोन जेवणं म्हणजे दुपारी एक आणि रात्री नऊ. सकाळी सातला उठणाऱ्या माणसाला हे दोन फार वेगळे दिवस आहेत.

ह्यांनी तेच केलं. एक वाजता आणि नऊ वाजता. पाच महिन्यांत ८२ वरून ७४ किलोंवर आले, कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला, आमराईत सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींनी कौतुक केलं. पण दुसऱ्याच आठवड्यात एक दिवस साडेअकराला हे खुर्चीत बसले आणि कपाळ, मान, सदरा, सगळं घामानं भिजलं. हात थरथरत होते, मी विचारलेल्याला उत्तर दोनदा चुकीचं आलं. साखर मोजली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात कालवून पाजली, पंधरा मिनिटांनी परत मोजली तेव्हा ८४ आली. ह्यांना मधुमेह आहे, त्याची सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी नेहमीप्रमाणे घेतली होती आणि न्याहारी बंद केली होती. चूक आमची. ऐकीव माहितीवर सुरुवात केली, डॉक्टरांना विचारलं नाही. सुरू करण्याआधी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासून घ्या, असं या पद्धतीत सांगितलेलं असतं. आम्ही तेही केलं नव्हतं. मधुमेहाच्या काही गोळ्या, आणि इन्सुलिन तर नक्कीच, पोटात अन्न जाणार हे धरूनच दिलेलं असतं. रक्तदाबाच्या गोळ्यांचंही लक्षात ठेवा: वजन उतरलं की तोच डोस जास्त होऊ शकतो आणि उठताना गरगरतं. साठीत पडणं म्हणजे काय ते घरोघरी माहीत आहे.

डॉक्टरांनी गोळी बदलून दिली, तो प्रश्न मिटला. पण चौथ्या महिन्यात दुसरं दिसलं. मिरजेला जाताना एसटीची पायरी चढायला ह्यांना दांडी धरून अंग ओढून घ्यावं लागलं. मांड्या बारीक झाल्या होत्या. तेव्हा मला कळलं की आपण सगळे काट्याकडे बघत होतो आणि काटा चरबी गेली की स्नायू गेले ते सांगत नाही.

साठीनंतरच्या वजनाची खरी मेख ही आहे. नुसतं कमी खाऊन वजन उतरवलं की त्यात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो. तरुणपणी तो भरून येतो, या वयात सहजी येत नाही. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या १०७ स्थूल लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, निकाल २०११ मध्ये आला. नुसता आहार कमी करणाऱ्यांचं वजन शेकडा १० उतरलं, आहारासोबत व्यायाम करणाऱ्यांचं ९. जवळपास सारखंच. पण चरबी सोडून उरलेलं शरीर पहिल्या गटात शेकडा ५ घटलं, दुसऱ्यात ३. खुब्याच्या हाडाची घनता पहिल्यात २.६ टक्के घटली, दुसऱ्यात १.१. तीन वाटांतली कुठलीही निवडा, हा हिशेब सुटत नाही.

म्हणून मी आता प्रत्येक पद्धतीला एकच प्रश्न विचारते: यात प्रथिनं कुठे आणि कशी बसणार? वयस्कांसाठी तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात (मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तेवढीच). माझं वजन आज ६३. माझ्या दिवसाचं लिहिते. दोन अंडी १२ ग्रॅम, पेलाभर दूध ८, वाटीभर दही ५, मटकीची वाटीभर उसळ ७, घट्ट वरण ७, दोन ज्वारीच्या भाकरी १०, मूठभर शेंगदाणे ६, पन्नास ग्रॅम पनीर ९. बेरीज ६४. एवढं सगळं खाऊन कसाबसा उंबरठा गाठला. आता हे दोनच जेवणांत बसवून बघा: एका बैठकीला ३२ ग्रॅम. ह्यांच्या दाढा नाहीत, एका वेळी पोटात मावत नाही, मग उसळ राहते आणि भात जातो. दोनदा जेवणाऱ्यांनी कडधान्याची वाटी आणि अंडी आधी खावीत, पोळी-भात शेवटी.

वन्संच्या वाटेत प्रथिनं बसायला जागा भरपूर होती. दर दोन तासांनी काहीतरी पोटात जाणार, तर दही, उकडलेलं अंडं, मोड आलेले मूग सहज बसले असते. पण एकट्या राहणाऱ्या बाईनं दिवसातून सहा वेळा ताजं काय करायचं? डब्यात काय असतं? भडंग, मारी बिस्किटं, राजगिऱ्याचा लाडू, केळं. दीड वर्षात ६८ चे ६६.५ झाले. शिवाय सोमवार, चतुर्थी आणि एकादशी. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च, शंभर ग्रॅमला साधारण ३५० उष्मांक आणि प्रथिनं नावाला. एकादशी अन् दुप्पट खाशी म्हणतात ते थट्टेवारी नेऊ नका, शब्दशः खरं आहे. उपासाला रताळं, दही, शेंगदाणे एवढ्यावर भागतं. वन्संच्या बाजूने एक गोष्ट मात्र मोलाची: त्यांना आम्लपित्ताचा त्रास आहे, आणि थोडं थोडं खाण्यानं तो खूप कमी झाला. ज्यांना एकदम जेवलं की छातीत जळजळतं, ज्यांची भूक मुळात बारीक आहे, इन्सुलिन चालू आहे, त्यांनी हीच वाट धरावी. फक्त सहा नाही, चार वेळा. आणि डबे आधी रिकामे करावेत.

माझं स्वतःचं ७१ चं ६३ व्हायला सोळा महिने लागले. महिन्याला अर्धा किलो. पहिल्या तीन महिन्यांत कुणाच्या लक्षातही आलं नाही. सर्वांत मोठा फरक तेलानं पडला. आम्हा दोघांत महिन्याला ३ लिटर तेल जायचं, म्हणजे माणशी रोज ४५ ग्रॅम. आता सकाळी दहा छोटे चमचे तेल एका वाटीत काढून ठेवते. पोह्यांची फोडणी, भाजी, आमटी, रात्रीचं पिठलं, सगळं त्या वाटीत. संध्याकाळी वाटी रिकामी झाली की झाली. सुरुवातीला पिठलं कोरडं लागायचं, मग ताक घालून पातळ करायला लागले. महिन्याला दीड लिटरवर आलो. माणशी रोज २३ ग्रॅम वाचलं, ग्रॅमला ९ उष्मांक, म्हणजे रोज २०० उष्मांक. एका पोळीत साधारण १०० असतात. दोन पोळ्या ताटातून न उचलता कमी झाल्या.

बाकी: दुपारी दोन पोळ्या आणि दोन वाढण्या भाताऐवजी एक भाकरी आणि दोन चमचे भात, रात्री परत एक भाकरी. भाजी-कोशिंबीर निम्म्या ताटात. रात्रीचं जेवण नऊवरून साडेसातला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या थाळीतही निम्मा भाग भाज्या-फळांचाच आहे. चीनमध्ये ग्वांगझूला १३९ स्थूल लोकांवर वर्षभर अभ्यास झाला, निकाल २०२२ मध्ये आला. सगळ्यांचे उष्मांक सारखेच कमी केले, पण एका गटाला सकाळी ८ ते दुपारी ४ मध्येच खायला सांगितलं. त्यांचं वजन ८ किलोंनी उतरलं, वेळेचं बंधन नसलेल्यांचं ६.३ किलोंनी, संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक टिकला नाही, म्हणजे तो निव्वळ योगायोगही असू शकतो. घड्याळापेक्षा ताटात किती पडतं याला वजन जास्त, हे माझ्या वहीशी जुळतं. माझ्या वाटेची उणी बाजू अशी की रोज माप ठेवावं लागतं. दोनदा जेवण्यात नियम सोपा, पाळला की नाही ते लगेच कळतं. स्वयंपाक ज्यांच्या हातात नाही, सुनेनं वाढलेलं ताट समोर येतं, त्यांना तेलाची वाटी कशी सांगणार? अशा पुरुषांना दोन वेळांचा नियमच जमण्यासारखा आहे, अट एवढीच की गोळ्या डॉक्टरांना दाखवून घ्याव्यात आणि दुसरं जेवण सातच्या आत व्हावं.

घाई कुठल्याच वाटेवर नको. फार झपाट्यानं वजन उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. महिन्याला एक किलो, फार तर दोन.

ह्यांनी न्याहारी परत सुरू केली आहे, दोन अंडी आणि एक भाकरी. रात्री सातनंतर काही नाही. चहाच्या आधी पाठीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून, हात न लावता दहा वेळा उठ-बस करतात, मी मोजते. वजन ७४ वरून ७७ ला गेलं आणि तिथेच आहे, पण मिरजेची एसटी आता दांडीला न लोंबकळता चढतात. त्यांचे डॉक्टर या ७७ वर खूश आहेत. मीही.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर पहिला महिना फक्त दोन गोष्टी बदला: रात्रीच्या जेवणाची वेळ आणि तेलाची वाटी. वजन आठवड्यातून एकदाच करा, सकाळी, चहाच्या आधी. आणि त्याच दिवशी खुर्चीतून हात न टेकता सलग किती वेळा उठता येतं तेही लिहा. पहिला आकडा उतरतोय आणि दुसराही उतरतोय असं दिसलं, तर पद्धत कुठलीही असो, तिथेच थांबून ताटातली डाळ आणि अंडी वाढवा.