भोसरीत नवीन लाइन टाकताना घेतलेल्या लीन कन्सल्टंटचा अनुभव

भोसरीत आमचं छोटं युनिट आहे, दुचाकीच्या साइड स्टँडची असेंब्ली करतो. ऑर्डर वाढून रोज 1800 नगांवर गेली म्हणून नवीन लाइन टाकायला एका लीन कन्सल्टंटला (कामातला वाया जाणारा वेळ, माल आणि श्रम कमी करून देणारे सल्लागार) काम दिलं. त्यांच्याकडे दोघंच जण आहेत, दोघांनीही आधी प्रॉडक्शनमध्येच दिवस काढलेत.

मी कन्व्हेयरचं कोटेशन मागवून बसलो होतो. ते म्हणाले थांबा, आधी हिशोब करू. दोन शिफ्ट, जेवण-चहा वजा जाता 51,600 सेकंद, भागिले 1800, म्हणजे साधारण 28.7 सेकंदाला एक नग निघाला पाहिजे, हा झाला टॅक्ट टाइम. मग दोन दिवस स्टॉपवॉच घेऊन जुन्या लाइनवर उभे राहिले, एका नगामागे हाताचं काम निघालं 118 सेकंद. म्हणजे 5 माणसं पुरे, आमच्याकडे 8 होती तरी माल कमी पडायचा कारण प्रत्येक टेबलापुढे ढीग साचायचा. कन्व्हेयर रद्द केला, तिघांना पॅकिंगला घेतलं, कोणालाही काढलं नाही.

सगळ्यात आवडलं ते पुढचं. लोखंड कापायच्या आधी त्यांनी पुठ्ठा आणि चिकटपट्टीने यू आकाराची अख्खी लाइन शेडमध्ये उभी केली आणि आमच्याच ऑपरेटर मुलींना त्यावर काम करून बघायला लावलं. स्प्रिंगच्या ट्रेला दर वेळी वाकावं लागतंय हे अर्ध्या तासात कळलं, तिथल्या तिथे पुठ्ठा कापून उंची बदलली, तीनदा बदलली. हेच वेल्डिंग झाल्यावर कळलं असतं तर आम्ही तसंच चालवून घेतलं असतं आणि मुलींची कंबर गेली असती.

क्वालिटीचं म्हणाल तर आमची जुनी तक्रार पिव्होटला, म्हणजे स्टँड जिथे फिरतो त्या सांध्याला, ग्रीस राहून जायची, सूचनांचे बोर्ड लावून लावून थकलो होतो. आता ग्रीसचा डोस पडल्याचा सिग्नल आल्याशिवाय क्लॅम्प उघडतच नाही, पोकायोके, म्हणजे चूक होऊच न देणारी रचना, म्हणतात ते हेच. आणि प्रत्येकीच्या डोक्यावर लाइन थांबवायची दोरी. टोयोटा समूहाचे संस्थापक साकिची टोयोडांच्या 1924 च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा, तिथून ही कल्पना आली असं ते समजावत होते, तर आमची इचलकरंजीची एक ताई पटकन म्हणाली, आमच्या घरी पण बाणा तुटला की माग थांबतो, चालू ठेवला तर कापड वाया जातं. तिला पुढे काही सांगावंच लागलं नाही. पहिली दोरी तिनेच ओढली.

कमी पडले ते कागदात. ग्रीसचं स्टेशन बदललं पण पीएफएमईए (प्रक्रियेत कुठे काय चुकू शकतं याची नोंद) आणि कंट्रोल प्लॅन (कुठे काय तपासायचं याचा कागद) जुनाच राहिला, कस्टमरच्या ऑडिटमध्ये मेजर पॉइंट, म्हणजे मोठी त्रुटी, आला. एवढी फी घेऊन हे व्हायला नको होतं, तोंडावर सांगितलं, त्यांनी येऊन दुरुस्त करून दिलं पण मनस्ताप झालाच. काम देणार असाल तर शेवटचा हप्ता कागद पूर्ण झाल्यावरच द्या, आणि मशीनची ऑर्डर द्यायच्या आधी बोलवा. पाचपैकी चार स्टार.